मेश्रामकाकांची आंबागड गाडी

भंडाऱ्याजवळच्या आमच्या शहापुरात मेश्रामकाका घराबाहेर पडले की सगळ्या गल्लीला कळतं. दाराला कुलूप लावून ते रस्त्यात उभे राहतात, एक लांब शिट्टी मारतात आणि मगच पहिलं पाऊल टाकतात. दूध आणायला निघाले तरी शिट्टी. न्हाव्याच्या खुर्चीवरून उठले तरी शिट्टी. एका लग्नात त्यांनी स्वतःचं जेवण झाल्याबरोबर शिट्टी मारली आणि निम्मी पंगत मठ्ठा न पिताच उभी राहिली. नवरीच्या बापाचं तोंड मी अजून विसरलो नाही.

काकांची सगळी नोकरी भंडाऱ्याच्या एसटी स्टँडवर गेली, वाहतूक नियंत्रक म्हणून. जाळीच्या खिडकीमागं बसायचं आणि भोंग्यातून गाड्या पुकारायच्या. निवृत्त झाले तेव्हा भोंगा तिथंच राहिला, आवाज मात्र ते घरी घेऊन आले. महत्त्वाचं काही सांगायचं असलं की भाषा एकदम छापील. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." आणि लगेच त्याच श्वासात, "काहून बे, आयकू नाही येत?"

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, तो राग त्यांनी मनावरच घेतलाय. "इतके वर्ष एका घरात राहिले. जातानी सांगून तं जायचं!" म्हणतात. गोंदियाचा कोणी भेटला की काका आधी त्याला चहा पाजतात आणि मग रुसून बसतात.

वर्षातला त्यांचा मोठा दिवस म्हणजे आंबागड. थंडीतला एक रविवार पकडायचा, गल्लीला घेऊन तुमसरच्या पुढं जायचं, गड चढायचा आणि वर गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजायचे. जाड्या कणकेचे ते गोळे राखेतून काढायचे, फुंकायचे, तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर खायचे. काकू होत्या तोवर टेम्पो भरून माणसं जात. काकू गेल्या आणि टेम्पोची जीप झाली. मागच्या साली जीपही नको म्हणाले लोक.

यंदा तर शनिवारपासूनच आभाळ भरून आलं. संध्याकाळी काका दारोदार फिरले. मी मागून, मजा पाहायला.

गभणेभाऊ म्हणाले, "काका, टीव्हीवर गारा सांगून राहिले."

"टीव्हीवाला येऊन राहिला का संगं?"

"तसं नाही, पण माझा गुडघा..."

"गुडघ्याले खिडकीची सीट देतो."

गभणे हसले, पण हो म्हणाले नाहीत. पुढच्या घरात आतून खुद्द मालकाचाच आवाज आला, "साहेब घरी नाहीत म्हणून सांग!" काकांनी उंबऱ्याशी उभं राहून पुकारलं, "साहेबांसाठी एक आसन राखीव ठेवण्यात येत आहे."

सकाळी भंडाऱ्याच्या स्टँडवर आम्ही दोघंच. काकांच्या पाठीवर गोवऱ्यांचं पोतं, एका हातात भाजीचं पातेलं, दुसऱ्या हातात कणकेचा डबा. डबा टेम्पोभर माणसांना पुरेल असा.

"एवढी कणीक, काका?"

"पॅसेंजर आखरीच्या टायमाले येते, राजा. मले माहीत आहे."

तुमसरची गाडी लागली. काका पायरीवर एक पाय ठेवून फाटकाकडं पाहत राहिले. "बसता का सोडू?" असं कंडक्टर ओरडला, तेव्हा कुठं दुसरा पाय वर आला.

गड निम्मा चढलो असू, तोच पाऊस आला. आमच्यात छत्री एक. काकांनी डबा-पातेलं माझ्याकडं दिलं, छत्री उघडली आणि पाठीवरच्या गोवऱ्यांच्या पोत्यावर धरली. काका भिजतायत, मी भिजतोय आणि आमच्या मधोमध गोवऱ्या छत्रीखालून अशा चालल्यात, जशी काय नवरीच मांडवात निघाली!

मग गारा सुरू झाल्या. काकांनी भाजी माझ्या पिशवीतल्या रिकाम्या डब्यात ओतली आणि रिकामं पातेलं डोक्यावर पालथं घातलं. टणाटण आवाज. त्या पातेल्याच्या आतून घोषणा आली, "हवामानातील बिघाडामुळे आंबागड गाडी उशिराने धावत आहे." मी हसून हसून पायरीवरच बसलो.

"काका, वापस जाऊ."

"गाडी अर्ध्या रस्त्यातून वापस नाही येत. उठ."

वर दरवाजाजवळच्या पडक्या देवडीत आम्ही शिरलो. गोवऱ्या कोरड्या होत्या, एवढंच एक त्या दिवशी कोरडं होतं. विस्तव झाला. काकांनी एकामागून एक रोडगे लावायला घेतले. मी पुरे म्हणालो, तरी डबा रिकामा होईपर्यंत थांबले नाहीत. बाहेर पाण्याचा नुसता पडदा. गभणेंच्या गुडघ्याची मी झकास नक्कल करून दाखवली. काका हसले नाहीत.

"स्टँडवर दिवसभर लोक खिडकीशी येत," ते विस्तवाकडं पाहत म्हणाले. "लाखांदूर कवा? साकोली गेली का? एकच गोठ धा-धा खेपा विचारत. मी खेकसत होतो त्याइच्यावर. तुही काकू म्हणे, गोड बोलत जा जी, दूरचे लोक आहेत." मग म्हणाले, "आता सकाळची संध्याकाळ होते, कोणी काहीच नाही विचारत."

मी विस्तवात एक गोवरी सरकवली. शेवटी म्हणालो, "काका, तुमसरहून भंडाऱ्याले आखरी गाडी कवा हो?"

काकांनी मान वर केली. वेळ सांगितली. मग तिचे थांबे सांगितले. मग ती गाडी चालवणारा एक जुना ड्रायव्हर, जो रोज घराजवळ भोंगा वाजवून बायकोला भात टाकायला सांगायचा, त्याची गोष्ट सांगितली. मी दुसरी गाडी विचारली. मग तिसरी. आमच्यापुढं रोडग्यांचा ढीग होता आणि काकांचे डोळे चमकत होते.

केव्हातरी बाहेर उजेड पडला. गारांचा आवाज नव्हता. खाली सागाच्या पानांवर ऊन आलं होतं.

"काका, पाणी थांबला. आता निघालो तं गाडी भेटल."

काकांनी बाहेर पाहिलं. आकाश निळं, स्वच्छ. ते तसेच बसून राहिले.

"थांबला कुठं, राजा," ते हळूच म्हणाले, "पडूनच राहिला."

मी पुन्हा एकदा त्या उन्हाकडं पाहिलं.

"हाव काका," मी म्हणालो, "चांगलाच जोर आहे." आणि भिंतीला पाठ टेकून बसलो. काकांनी राखेतला एक रोडगा काढला, फुंकला आणि माझ्याकडं सरकवला.