चालत्या गाडीत बटण दाबू नये

निघोज्याजवळच्या एका कारखान्याने गस्तीसाठी एटीव्ही घेतली. बसायला मोटरसायकलसारखी, चाकं मात्र चार. एरवी मागची दोनच चाकं जोर लावत. चिखल आला की वेग कमी करून चालता चालता एक बटण दाबायचं, म्हणजे पुढचीही कामाला लागत. गाडीच्या माहितीपुस्तिकेत हे एका ओळीत उरकलं होतं. सुरक्षा व्यवस्थापक ज्ञानेशराव यांना एका ओळीत उरकण्याची सवय नव्हती.

त्यांनी रीतसर कार्यपद्धती तयार केली. चालत्या गाडीत बटण दाबू नये. आधी थांबावे, खाली उतरावे, गाडीला प्रदक्षिणा घालून निरीक्षण करावे, "मी सुरक्षित आहे" असे मोठ्याने म्हणावे आणि मगच पुन्हा बसून बटण दाबावे. ही कार्यपद्धती कारखान्यांच्या सुरक्षा ढालीच्या स्पर्धेत थेट अंतिम फेरीला पोहोचली. ज्ञानेशरावांचा जीव त्या ढालीत अडकला. ढाल आली तर बढती नक्की. न आली तर ती खुर्ची मोठ्या साहेबांच्या मेहुण्याला. वाकडच्या फ्लॅटमध्ये बायकोने ढाल टांगायला भिंतीला खिळासुद्धा ठोकून घेतला होता.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी परीक्षक मिनल मॅडम मागे बसल्या आणि स्वारी कारखान्यामागच्या मैदानात निघाली. तिथे टाकी भरून वाहिल्यामुळे झकास चिखल झाला होता. मध्यावर मागची चाकं घसरायला लागली. ज्ञानेशरावांचा अंगठा आपसूक बटणाकडे गेला. आत्ता दाबलं तर गाडी सुटते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"आता तुमची ती प्रोसिजर ना?" मॅडम उत्सुकतेने म्हणाल्या. "मी तेवढ्यासाठीच आलेय."

ज्ञानेशराव थांबले. गाडीही थांबली, आणि चांगलीच थांबली. ते उतरले ते पोटरीपर्यंत गेले. प्रदक्षिणेत डावा बूट मागच्या चाकाशी कायमचा राहिला. "मी सुरक्षित आहे!" अशी आरोळी ठोकून ते पुन्हा बसले आणि त्यांनी बटण दाबलं. चारही चाकं एकदिलाने गरगरली आणि गाडी पोटापर्यंत रुतली.

"एक्सलंट!" मॅडम म्हणाल्या. "एकही स्टेप चुकली नाही. आता बाहेर काढा."

कुंपणापलीकडे उद्धवराव उभे होते. ही सगळी जमीन एकेकाळी त्यांचीच. "रुतला व्हय सायेब? आलो बगा ट्रॅक्टर घेऊन!"

"थांबा, उद्धवराव! तुमचं इंडक्शन झालंय का?"

"त्ये काय आसतं?"

"आत यायच्या आधी सुरक्षेची फिल्म बघावी लागते. नंतर परीक्षा."

"अवो, मी इथंच ल्हानाचा मोठा झालो की!"

"त्याचं सर्टिफिकेट आहे का?"

उद्धवराव निमूट गेले, फिल्म बघितली, परीक्षेला बसले. 'चिखलात वाहन अडकल्यास तुम्ही काय कराल?' या प्रश्नाला त्यांनी 'ट्रॅक्टर आणीन' असं उत्तर दिलं. अपेक्षित उत्तर 'वरिष्ठांना कळवीन' असं होतं. ते नापास झाले.

ज्ञानेशरावांना आता रडूच यायला लागलं. ढाल गेली, खुर्ची गेली, बूट तर आधीच गेला होता. मॅडमनी मात्र बराच विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "जी गाडी हलूच शकत नाही, तिचा अपघात होईल कसा? इतकं सुरक्षित वाहन मी आजवर पाहिलं नाही!"

ढाल मिळाली, बढतीही मिळाली. चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांचे अधिकारी ती रुतलेली गाडी बघायला बस करून येऊ लागले. मग त्यांनीही आपापल्या गाड्या चिखलात नेऊन थांबवल्या. ज्यांच्याकडे चिखल नव्हता त्यांनी पाण्याचे टँकर मागवले.

सत्कार समारंभाला तुम्हीही होतात. ज्ञानेशरावांच्या खुळेपणावर तोंड दाबून हसलात, टाळ्याही वाजवल्यात. मग हेल्मेट आरशाला लटकवून गाडीला किक मारलीत आणि तळवड्याच्या चौकात पोलीस दिसताच एका हाताने, चालत्या गाडीवर, ते डोक्यात घातलंत.