नव्या आईचे लाडू

"लाडवांचं लिही. कोणी खायचे ते लिहू नकोस," रबाळ्याच्या कामावरून येऊन बूट काढता काढता निशांतने सांगितलं होतं. क्षिप्राने ते कानाआड केलं. घरबसल्या लोकांच्या मालाची चार ओळींत ओळख लिहून देणं हे तिचं काम. त्यातलं नवऱ्याला काय कळणार?

लाडू खालच्या मजल्यावरच्या प्रेमलाकाकूंचे. डिंक, अळीव, साजूक तूप. धंद्याचा पहिलाच घाणा. "हा खपला तर पुढे," काकू म्हणाल्या होत्या, "नायतर लेक म्हणते तशी गप टीव्ही बघत बसेन."

क्षिप्राची जाई जेमतेम वर्षाची. तिने अगदी मनापासून लिहिलं, 'नव्या आईच्या थकलेल्या हाडांना हक्काचा आधार', आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं.

पहिली ऑर्डर दीक्षाची, तीही ग्रुपवरच. तिचं लग्न नुकतंच झालेलं. संध्याकाळपर्यंत लिफ्टमध्ये तिला कोणी भाजीची पिशवी उचलू देईना.

"ताई, मी ऋषीसाठी मागवले, तो जिमला जातो," दीक्षाने फोन केला. "आता सासूबाई महाडहून निघाल्यात. गाडीत बसल्यात पण. त्यांना काय सांगू, लाडू आहेत, बाळ नाही?"

मग कोण कशाला मागवतंय? शेजारच्या मीनाताईंना हवे होते, पण त्यांची मुलगी लग्नाची.

"डबे भरून पडलेत," काकू म्हणाल्या. "माझ्या लाडवांना डोहाळे लावलेस गो तू."

घाबरून क्षिप्राने पुढे जोडलं, 'बाळंतीण नसलेल्यांनाही चालतात.' लगेच ग्रुपवर विचारणा झाली, 'म्हणजे नक्की कोण? नाव सांगा.'

तेवढ्यात तळमजल्यावर एकटे राहणारे दिनानाथकाका उगवले. 'मला दोन किलो.'

मग कोणीतरी धीर केला. 'अभिनंदन काका. कितवा?'

'नववा. आमच्या आईचा, म्हणजे मीच. बाहत्तर वर्षांपूर्वी.'

त्या संध्याकाळी जो तो काकांच्या दारात. कोणी झबलं आणलं, कोणी खारका. काका चहावर चहा करत होते. दूध संपलं म्हणून क्षिप्रा पिशवी घेऊन आली, तेव्हा ते कोणाला तरी सांगत होते, "बेल चालू आहे हे आज कळलं. नाहीतर पार्सलवालासुद्धा गेटवरच ठेवून जातो."

सगळे हसले. कोणाचं पोर शिंकलं हेही जिला खिडकीतून कळायचं, त्या क्षिप्राला मात्र हसू आलं नाही.

त्यानंतर ऑर्डरी सुरू झाल्या. लाजायचं कोणी उरलंच नव्हतं. दीक्षाच्या सासूबाईंनीही जाताना एक डबा नेला. दुसऱ्या घाण्याला काकूंनी नवा मजकूर मागितला आणि तो मोठ्याने वाचायला घेतला.

"'तुमच्या इमारतीत कोणी एकटं राहत असेल, तर लाडू नंतर मागवा.' नंतर? अगो, माझं दुकान चालवतेस की बुडवतेस?"

"पुढे वाचा ना काकू."

काकूंनी चष्मा वर सरकवला. 'आधी जाऊन त्यांची बेल वाजवा. आणि दार उघडेपर्यंत थांबा.'