देवाजीभाऊंच्या जाड तारा

नाटकात एकूण किती जण मरतात हे कळल्याशिवाय देवाजीभाऊ बेस गिटारच्या तारा विकत घेत नसत.

दसऱ्याच्या सुमारास आमच्या मंडळात नव्या नाटकाचं वाचन असे. लेखक पहिलं पान उलटायच्या आत मागून आवाज येई, "मरते कोन कोन?"

लेखक बिचारा रहस्य पोटात धरून बसलेला. तो म्हणे, "भाऊ, तिसऱ्या अंकात कळेल."

"तिसऱ्या अंकापर्यंत दुकान बंद होईन. मले आत्ता सांग. माय मरत असन तर जाड तार लागते. व्हिलन मरत असन तर जुनीच चालते."

आमचं वडसा म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचं कोठार. दिवाळीनंतर धान निघाले, गावोगाव मंडईच्या जत्रा भरायला लागल्या, की होळीपर्यंत इथली मंडळं रोज नव्या गावात नाटक करतात. त्यातल्याच एका मंडळाचं बुकिंग मी सांभाळतो. आमच्या घराण्यात कॉलेजात पाय ठेवणारा मी पहिला. बाप अंगठा उठवत होता, मी इंग्रजीत सही करतो. हे मी सगळ्यांना सांगतो, लपवायचं काय त्यात? देवाजीभाऊंनी तेवढ्यावरून माझं नावच 'बी.ए.' ठेवलं.

बाकीच्या मंडळांत ऑर्गन, तबला आणि ऑक्टोपॅड असला की काम भागतं. बेस गिटार होती ती आमच्याकडेच. त्यामुळे लोकांना तिची सवय नाही. एका गावात तर सरपंचांनी माइकवर जाहीर केलं, "गिटारवाल्या भाऊंच्या दोन तारा तुटलेल्या दिसतात. तरी बी त्यांनी नाटक बंद पडू दिलं नाई. त्याईले दोन तारांसाठी आमच्याकडून बक्षीस!" देवाजीभाऊ उठले, नमस्कार केला आणि बक्षीस घेतलं. मी नंतर म्हटलं, "भाऊ, बेसला चारच तारा असतात, हे सांगायचं ना."

"काऊन सांगू? माणूस प्रेमानं देऊन राह्यला. त्याले शिकवाले मी का मास्तर आहो?"

तारांच्या बाबतीत मात्र ते कुणाचं ऐकत नसत. त्यांच्या मते जगात तारा दोनच प्रकारच्या, खरबरीत आणि गुळगुळीत. खरबरीत तारेचा आवाज खणखणीत, नाचगाण्याला झकास. पण बोट सरकलं की ती चिक् करते. "इकडं माय मरून राह्यली, अन् इकडं उंदीर बोलून राह्यला. जमते का?" म्हणून मरणाला गुळगुळीत तार, तीही जाडच. पातळ तारेला ते 'शेवई' म्हणत आणि ती वाजवणाऱ्याला काहीच म्हणत नसत, नुसते बघत.

तार निवडायची त्यांची रीतही त्यांचीच. चंद्रपूरच्या दुकानात ते पाकीट उघडायला लावत, तार सोडवत, डोळे मिटत आणि ती खालच्या ओठावरून हळूहळू ओढत. धान वाळलं की नाही हे आपण दाणा दाताखाली धरून बघतो, तसं. "बोटाले घट्टे पडले. त्याले काय समजते? ओठ खोटं बोलत नाई." दुकानदाराने शेवटी पाटीच लावली: तोंडाला लावलेला माल परत घेतला जाणार नाही. देवाजीभाऊंनी पाटी वाचली, मान डोलावली आणि पुढची तार ओठाला लावली.

त्यांचं ठाम मत होतं की प्रेक्षकांना नट रडवत नाहीत, ते रडवतात. "रडनं पोटातून येते. अन् पोटात जाते ते माही जाडी तार. बाईचा आवाज कानापर्यंतच राह्यते."

मी शिकलेला माणूस. मला पुरावा लागतो. चामोर्शीकडच्या एका गावात पहिल्याच अंकात त्यांचा अॅम्प्लिफायर जळाला. पुढचे दोन अंक बेसचा सूरसुद्धा नाही. तरी माय मेली तेव्हा बाया पदर तोंडात घालून रडल्या. परतताना गाडीत मी विषय काढला, "काय भाऊ? आज तर तार नव्हती."

देवाजीभाऊंनी खिडकीची काच वर ओढली. मग म्हणाले, "आज लोक सवयीनं रडले."

घरी त्यांच्या या नादाला तोंड देणाऱ्या एकट्या सुमित्रावहिनी. जुन्या खरबरीत तारांचा आवाज मेला की देवाजीभाऊ त्या पाण्यात उकळत. मळ निघतो, तार पुन्हा बोलते. फक्त त्यासाठी ते वहिनींचा भाताचा गंज, म्हणजे पातेलं, घेत. मी एकदा गेलो तेव्हा चुलीवर गंज रटरटत होता आणि वहिनी दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, "भात नाई आज. बुढा माह्या सवतीले आंघोळ घालून राह्यला!"

यंदा पोळ्याच्या आसपास वहिनींना लकवा मारला. डावी बाजू गेली. दवाखाना झाला, महिन्याभराने पाय चालायला लागला, पण डावा हात मांडीवर ठेवला की तिथेच राही. देवाजीभाऊ तालमीला यायला लागले तेव्हा आम्हाला वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

पण त्यांच्या गिटारला शेवया होत्या.

यंदाच्या नाटकात माय मरत होती, वर तिचा धाकटा मुलगाही. म्हणजे देवाजीभाऊंच्या हिशोबाने जाडातल्या जाड तारांचं वर्ष. आणि हे तिथे पातळ, मऊ तारा लावून बसलेले. आवाज असा, की कुणी दूरवर रिकाम्या पिंपावर टिचक्या मारतंय. मी विचारलं, "भाऊ, दोन मरणं आहेत, अन् ही तार?"

"हवा बदलली, बी.ए.," ते म्हणाले आणि गिटार पिशवीत घातली.

मालकाला हे खपलं नाही. त्याने मला बोलावलं. "ऑर्गनवाला डाव्या हातानं बेस काढतो म्हनते. मंग मी दुसऱ्या मानसाची जागा काऊन ठेवू? देवाजीले सांग, सोमवारच्या प्रयोगाले जाडी तार दिसली पायजे. नाई तर येऊ नको म्हन. यंदा नाई, अन् पुढंही नाई."

मला वाटलं, दवाखान्याच्या धावपळीत भाऊंना तारा आणायला जमलं नसेल. नागपूरला काम होतंच. तिथून त्यांच्या पसंतीचा गुळगुळीत, जाड तारांचा संच घेतला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या घरी गेलो.

ओसरीच्या बाहेरच आवाज ऐकू आला. खर्र. मग पुन्हा खर्र. तार नीट दाबली गेली नाही की होतो तो आवाज.

"दाब."

"दाबूनच राह्यली ना!"

"पडद्याच्या पट्टीजवळ दाब. तिथी नाई, इथी."

खाटेवर वहिनी बसल्या होत्या. गिटार त्यांच्या मांडीवर. डाव्या हाताची बोटं तारेवर ठेवलेली. ठेवलेली म्हणजे देवाजीभाऊंनी एकेक करून मांडलेली. ते स्वतः उजवीकडे चिकटून बसलेले, कान गिटारच्या लाकडाला लावलेला, आणि उजव्या हाताने तार छेडत होते. दोघं मिळून एक गिटार वाजवत होते.

मला बघून वहिनी म्हणाल्या, "ये भाऊ, बस. या बुढ्यानं मले म्हातारपनी गिटारवाली बनवली. डॉक्टरनं दाबाले रबरी चेंडू देल्ला होता. तो मी शेजारच्या पोराईले देऊन टाकला. मी का लहान पोरगी आहो चेंडू खेळाले? तर यानं हे काढलं."

मी खुर्चीवर बसलो. पाकीट बाहेर काढलं आणि मालकाचा निरोप होता तसा सांगितला. गोड करून सांगायची मला सवय नाही.

देवाजीभाऊंनी पाकीट हातात घेतलं. वरचे आकडे वाचले. मला वाटतं त्यांना तारा आवडल्या. "चांगल्या आनल्या," ते म्हणाले. "पन हे जाडी तार हिच्यानं दबत नाई."

"दिवसा पातळ लावा, प्रयोगाला जाड."

"तार काय पायातली चप्पल आहे? बसाले दोन रोज लागते. रोज काढ-घाल केली तर दांडा वाकते. अन् मी रातभर गावोगाव फिरलो की दिवसभर मुडद्यासारखा झोपतो. मंग हे बोटं कोन दाबून घेईन?"

"मी जा म्हनते याले," वहिनी मध्येच म्हणाल्या. "खाटेवर बसून मले नजर लावते, त्यापरीस जा म्हनते. ऐकते का?"

"भाऊ, ही जागा गेली तर पुढच्या वर्षी मिळेल असं मी सांगू शकत नाही."

त्यांनी कान पुन्हा लाकडाला लावला. वहिनींनी ओठ दाबले, मान वाकडी केली आणि करंगळीशेजारचं बोट सगळ्या अंगाचा जोर लावून तारेवर टेकवलं. देवाजीभाऊंनी तार छेडली. खर्र झालं नाही. गोल, बारीक सूर निघाला, खोलीत जरा वेळ राहिला आणि गेला.

"वाजलं का?" वहिनींनी विचारलं.

"वाजलं," ते म्हणाले. कान त्यांनी उचलला नाही, त्यामुळे चेहरा मला दिसला नाही. मग हात लांब करून त्यांनी पाकीट मला परत दिलं. "मालकाले सांगजो, देवाजीचा यंदाचा सीझन बुक झाला."

मी ऑफिसात येऊन तसंच सांगितलं. मालक खुर्चीतून उठलाच. "पाहा बाप्पा! म्हनूनच तो नखरे करून राह्यला. कोन्या मंडळानं पळवला?"

"वडसातलंच आहे," मी म्हणालो. "नवीन आहे."

"प्रयोग किती भेटले त्याले?"

"रोज आहे," मी म्हटलं.