एका धाग्याचे एकवीस गुलाब

"बुके माझ्याकडे लागला. तुम्ही फक्त लग्न करा," मावशीनं सांगून टाकलं.

मावशी चौतीस वर्षं शाळेत विणकाम शिकवून निवृत्त झाली होती. जगातली बहुतेक संकटं एक सुलट, एक उलट टाका घालून निस्तरता येतात, असं तिचं ठाम मत होतं. या वेळचं संकट भाचीच्या नाकाचं होतं. ताजं फूल हातभर अंतरावर आलं की भाचीला शिंकांवर शिंका येत, नाक टोमॅटोसारखं लाल होई आणि डोळे कांदा चिरल्यासारखे वाहू लागत. शाळेच्या बक्षीस समारंभापासून पदवीदानापर्यंत जिथं जिथं तिचा सत्कार झाला, तिथल्या प्रत्येक फोटोत ती रडतच होती. लग्नाच्या फोटोत तरी हातात फुलं असावीत आणि चेहरा माणसासारखा दिसावा, एवढंच तिचं मागणं होतं.

घरात आठवडाभर खल झाला. भाचीची आई, म्हणजे मावशीची ताई, कागदी फुलांच्या बाजूनं होती. पण भाचीच्या तळहातांना असा घाम सुटे, की सह्या होईपर्यंत कागदाचा लगदाच झाला असता. प्लॅस्टिकची फुलं दातांच्या दवाखान्यातून उचलून आणल्यासारखी वाटली. पिसांचा गुच्छ हातात दिला, तर नवरी जळमटं काढायला निघाल्यासारखी दिसू लागली. काकांनी फुगे सुचवले, आणि त्यानंतर काकांना कुणी काही विचारलं नाही.

शेवटी मावशीनं लोकर काढली. क्रोशाचे एकवीस गुलाब, आणि तेही सगळे सलग एकाच धाग्याचे! मध्ये गाठ नाही, कात्री नाही. गाठ मारणं म्हणजे तिच्या लेखी परीक्षेत कॉपी करणं. शेवटचा टाकासुद्धा तिनं बांधला नाही, टोक नुसतं एका पाकळीमागं खोचून दिलं. हे निघणार तर नाही ना, असं ताईनं विचारलं, तेव्हा मावशीनं तिच्याकडे पहिल्या बाकावरच्या शंकेखोर मुलीकडे बघावं तसं मायेनं पाहिलं.

नोंदणी कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. वेळ अकरा चाळीसची. ती चुकली तर पुढची तारीख सहा आठवड्यांनी, हे नवऱ्या मुलानं सगळ्यांना चार-चारदा बजावलं होतं. तो घड्याळं दुरुस्त करायचा, त्यामुळे मिनिटं त्याच्या बोटांतच होती. सव्वाअकराला मंडळी लिफ्टमध्ये शिरली. त्याच लिफ्टमध्ये एक पोस्टमन होता. त्याच्या पिशवीचं बक्कल गुच्छाला कधी घासून गेलं, ते पोस्टमनला कळलं नाही आणि नवरीलाही नाही. तिसरा मजला आला. मंडळी बाकावर जाऊन बसली आणि पोस्टमन टपाल वाटत निघून गेला.

पाचेक मिनिटांनी भाची म्हणाली, "मावशी, बुके हलका का वाटतोय गं?"

मावशीनं पाहिलं तर एक गुलाब गरगर फिरत होता. बघता बघता तो बोराएवढा झाला, मग वाटाण्याएवढा, आणि मग नव्हताच. धागा जमिनीवरून सरळ पाण्याच्या खात्याच्या दारात शिरत होता.

ताई म्हणाली, कापून टाक. मावशीला ते ऐकूच आलं नाही. ती धाग्यामागून निघाली. धागा पाण्याच्या खात्यातल्या चार टेबलांना वळसा घालून बाहेर पडला, जमीन मोजणीच्या खोलीत गेला आणि तिथून जिन्यानं थेट चौथ्या मजल्यावर. एका कारकुनानं मान वर न करता नुसते पाय उचलून तिला वाट दिली. पोस्टमन सापडला तेव्हा चौदा गुलाब उसवून झाले होते. मावशी परत आली ती काखेत मेंढी घेऊन आल्यासारखी.

अजून बारा मिनिटं होती. तेवढ्यात निदान चार गुलाब नक्की होतील, असं तिनं जाहीर केलं. पण आधी लोकरीची लडी करायला हवी, आणि लडीला दोन हात हवेत. तिची नजर नवऱ्या मुलाच्या हातांवर गेली. घड्याळजीचे हात, जरासुद्धा न थरथरणारे.

"हात पुढे कर. आणि मी सांगेपर्यंत हलू नकोस."

तो हलला नाही. मावशी घाईघाईनं गुंडाळत राहिली. लोकर मनगटांवरून कोपरांपर्यंत चढली, मध्ये गुंता झाला, गुंता सोडवताना आणखी आवळली. तेवढ्यात आतून त्यांच्या नावाचा पुकारा झाला.

नोंदणी अधिकारी बाईंनी चष्मा पुसून पुन्हा घातला. समोर नवरी होती, तिच्या हातात सात गुलाब. शेजारी नवरा, कोपरांपर्यंत बांधलेला. आणि मागं एक वयस्कर बाई, दोरीचं टोक धरून.

"दोघंही स्वखुशीनं आला आहात ना?"

भाची हो म्हणाली. तोही हो म्हणाला, पण म्हणण्याआधी सवयीनं त्यानं मावशीकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे बघू नका, माझ्याकडे बघून सांगा. कुणी काही दमदाटी केली आहे का?"

मुलगा प्रामाणिक होता. "नाही," तो म्हणाला, "फक्त हलू नकोस म्हणाल्यात."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मावशीनं त्यांना सलग विणकामाचं तत्त्व पाचवीच्या वर्गाला सांगावं तसं पायरीपायरीनं समजावलं. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि हे सुटायला किती वेळ लागेल, एवढंच विचारलं. नीट सोडवायचं तर अर्धा तास, मावशी म्हणाली. बाहेर पुढचं जोडपं दारात येऊन उभं राहिलं होतं.

भाचीचं नाक लाल व्हायला लागलं होतं, आणि खोलीत एकही ताजं फूल नव्हतं.

मावशीनं पिशवीतून कात्री काढली. एकदा, दोनदा, तीनदा. मग उरलेल्या सात गुलाबांच्या टोकाला तिनं चांगली दुहेरी गाठ मारली आणि ते भाचीच्या हातात दिले.

फोटो छान आला. भाची त्यात चक्क हसते आहे. नोंदणीचा दाखला आठवड्यानं घरी आला, तो सगळ्यांनी आळीपाळीनं वाचला. शेऱ्याच्या रकान्यात बाईंनी लिहिलं होतं, "वराची संमती दोनदा घेतली. दुसऱ्या वेळी हात मोकळे होते."

मावशीनं चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली.

"अक्षर मात्र वळणदार आहे हो बाईंचं," ती म्हणाली.