गाडीवर तुळशीपत्र

अकाउंट्सच्या पेपरात इराला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले, आणि त्या दिवसापासून घरातला पैसा आपल्याशिवाय कुणालाच कळत नाही अशी तिची पक्की खात्री झाली. सेकंडरी थ्रीतली, म्हणजे आपल्याकडच्या नववीतली मुलगी, पण तूरडाळीची पिशवी घरात आली तरी विचारायची, "ही ॲसेट की एक्स्पेन्स?"

त्यामुळे जेवताना बाबा म्हणाले, "म्हातारीचे आठ हजार देतोय डीलर," तेव्हा इराने घास हवेतच थांबवून जाहीर केलं, "विकायची नाही! हौगांगच्या वृद्धाश्रमाला दान करायची!"

म्हातारी म्हणजे गाडी. वय वर्षं नऊ, पण सिंगापुरात नऊ वर्षांची गाडी म्हणजे पणजीच! एसी लावला की खोकायची, बंद केला की उसासे टाकायची.

"दान?" बाबांचा चेहरा ताटात कारलं पडल्यासारखा झाला. बाबा, म्हणजे चारुदत्त, हा तांजोंग पगारच्या ऑफिसात अख्ख्या कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस, पण टॅक्स हा शब्द ऐकला की त्याला शिंका यायच्या.

"बाबा, नीट ऐका हं. इथे चॅरिटीला काही दिलं की त्याच्या अडीचपट टॅक्समधून वजा होतं. आठ हजार गुणिले अडीच किती?"

"वीस हजार," बाबा म्हणाले, आणि कारल्याचा एकदम आमरस झाला!

(वजा होतं ते उत्पन्नातून, टॅक्समधून नाही. पण हे इराच्या पुस्तकात पुढच्या धड्यात होतं, आणि तो धडा शाळेत अजून व्हायचा होता.)

"आणि वाचलेल्या टॅक्समधून मला ड्रम्स!"

हे खरं दुखणं. गेलं वर्षभर इरा पालथ्या डब्यांवर लाकडी पळ्या बडवत होती आणि खालच्या मजल्यावरच्या आंटी झाडूच्या दांड्याने छत ठोकत होत्या. तेही बरोब्बर तालात! कानाला हेडफोन लावून वाजवायचे इलेक्ट्रॉनिक ड्रम्स मिळाले, तर दोन्ही मजल्यांवर शांतता नांदणार होती.

"दिले! शब्द देतो," बाबा म्हणाले. "तरी एकदा निशिकांतला विचारू."

निशिकांतकाका मरीन परेडला राहायचे आणि खरेखुरे अकाउंटंट होते.

"विचारा, पण गाडीचं नाव काढायचं नाही!" इरा किंचाळली. "त्यांचीही गाडी जुनी झालीये. आपली आयडिया ढापतील! आपल्या हौगांगच्या वृद्धाश्रमाला काय दोन-दोन गाड्या लागणारेत?"

बाबांना हे पटलं. फोन लावला.

"काय रे निशिकांत, दान केलं की अडीचपट ना?"

"अगदी अडीचपट! का रे, देतोयस? मोठं आहे का?"

"हो... पाच जण आरामात बसतात."

"काय?"

"म्हणजे... पाच जणांनी आरामात बसून विचार करावा, इतकं मोठं!"

"वा वा! पुण्यवान आहेस!" म्हणून काकांनी फोन ठेवला. इराने बाबांना टाळी दिली.

आई, म्हणजे मीनल, इतका वेळ भात कालवत होती. ती एवढंच म्हणाली, "तुमचा टॅक्स मला कळत नाही. पण दान करताय ना? मग रीतसर करायचं."

शनिवारी सकाळी वृद्धाश्रमाच्या मिस लिम, आपले ड्रायव्हर अंकल घेऊन, बिल्डिंगच्या कारपार्कमध्ये चौथ्या मजल्यावर हजर झाल्या. आई काठपदराची साडी नेसून, हातात तबक घेऊन उभी! म्हातारीच्या बॉनेटला हळदकुंकू लागलं. चाकांखाली लिंबं गेली. अंकल चटकन वाकले आणि लिंबं काढून खिशात टाकते झाले.

"अय्यो, डोन्ट वेस्ट ला!"

मग नारळ. बाबांनी तो जमिनीवर आपटला. फुटायचं सोडून तो टुणकन उडाला आणि उतारावरून जो सुटला, तो चौथ्यावरून तिसऱ्यावर, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर! "बोलिंग आह?" म्हणत अंकल त्याच्यामागे धावले.

"जाऊ दे तो," आई म्हणाली. तिने बॉनेटवर तुळशीपत्र ठेवलं आणि बाबांच्या तळहातावर पळीभर पाणी घातलं. "सोडा. आणि म्हणा, न मम."

"न म..." बाबा अडकले. आईने कोपराने ढोसलं. "...म!"

"झालं. तुळशीपत्र पडलं. आता हिच्याकडे आपली म्हणून बघायचंसुद्धा नाही. आणि नुसतं दान कसं द्यायचं? वर दक्षिणा नको?" आईने मिस लिमच्या हातात पाकीट ठेवलं. आत दहाची नोट, वर चिकटवलेलं एका डॉलरचं नाणं.

मिस लिमच्या डोळ्यांत पाणीच आलं. आता डायलिसिसला जायला आमच्या आज्यांना टॅक्सी शोधत बसावं लागणार नाही, म्हणाल्या. बाबाही गहिवरले. वीस हजार आठवून.

मग इरा पुढे झाली. घसा साफ केला. "मिस लिम, टॅक्स डिडक्शनची रिसीट प्लीज. गाडीची."

"फॉर कार?" मिस लिम गोड हसल्या. "कॅनॉट ला, गर्ल! कॅश, कॅन. कार, कॅनॉट."

म्हातारीनेसुद्धा उसासा टाकला असता.

"इरा?" बाबा म्हणाले.

इरा छताकडे बघत होती. छत फारच सुंदर होतं!

बाबा आईच्या कानाशी लागले. "मीनल, हे तुळशीपत्र वाऱ्याने उडालं तर?"

"वारा नाहीये."

"मी जरा शिंकलो तर?"

"अहो!"

त्या एका "अहो"त अख्खं धर्मशास्त्र होतं. बाबांनी किल्ली मिस लिमच्या हातावर ठेवली. म्हणजे ठेवली, पण सोडली नाही. मिस लिमनी हळूच ओढली. बाबांनी हळूच ओढली. शेवटी आई खाकरली आणि किल्ली सुटली. तेवढ्यात अंकल धापा टाकत नारळ घेऊन वर आले. "सी! नॉट ब्रोकन!"

मिस लिमनी पाकीट उघडलं. "ओह! दिस वन कॅश! दिस वन कॅन!"

आणि अकरा डॉलरची रीतसर टॅक्स-सवलत लागू झाली. अडीचपट!

संध्याकाळी निशिकांतकाका फोनवर इतके हसले की बाबांना फोन हातभर लांब धरावा लागला. "गाडी? अरे चारुदत्ता, गाडी म्हणाला असतास तर तिथल्या तिथे अडवला असता तुला! आणि मिळाली असती सवलत, तरी वीस हजार हातात नसते रे पडले! आता अकराच्या अडीचपट, त्यावर तुझा टॅक्स... तीन डॉलर सोळा सेंट वाचले. अभिनंदन!"

सोमवारी तिघं बसस्टॉपवर घाम पुसत उभी असताना समोरून म्हातारी गेली. तिचा एसी अजिबात खोकत नव्हता! मागच्या सीटवरून तीन आज्यांनी हात हलवले. आईने उलट हात हलवला. बाबांनी दुसरीकडे बघितलं. आपली म्हणून बघायचं नव्हतं ना!

शब्द मात्र बाबांनी पाळला. पुढच्या रविवारी टेक्का मार्केटमधून आले ते दोन्ही हात पाठीमागे घेऊन.

"इरा, डोळे मिट. वाचलेल्या टॅक्समधून तुझ्यासाठी ड्रमस्टिक्स!"

इराने मनात हिशेब मांडला. स्टिक्स आल्या म्हणजे ड्रम्सही येणार! तिने डोळे उघडले.

शेवग्याच्या शेंगा. दोन.

तिने त्या घेऊन पालथ्या डब्यावर एक जोरदार ठेका धरला. एक शेंग मोडली. खालून झाडूची सम आली. दोन्ही शेंगा आईने आमटीत टाकल्या.

"काय गं," बाबांनी आमटी वाढून घेताना विचारलं, "ही ॲसेट की एक्स्पेन्स?"

इराच्या तोंडात शेंग होती. नशीब!