निष्कलंक नावांची समिती

मूल जन्माला येतं तेव्हा त्याने अजून काहीही केलेलं नसतं, आणि नाव ठेवणाऱ्यांची खरी पंचाईत इथेच होते. ज्याने काहीच केलेलं नाही त्याला, ज्याने बरंच काही करून ठेवलं आहे अशा कुणाचं तरी नाव चिकटवायचं, ही जोखमीची बाब आहे. बेसावध लोक ही जोखीम डोळे मिटून घेतात. कानाला गोड लागलं, ठेवलं नाव. मग मूल पंचविशीला आल्यावर 'हे गेलं तरी कुणावर?' म्हणून कपाळाला हात लावतात.

ज्या घरातली ही हकीकत आहे तिथे असला गलथानपणा खपत नसे. घराचे कर्ते, म्हणजे बाळाच्या आईचे सासरे, मंडळीतले ज्येष्ठ वडील होते. (मंडळी म्हणजे चर्चची. ज्येष्ठ वडील म्हणजे पहिल्या बाकावर बसणारे आणि उपदेश लांबला की उघडपणे घड्याळाकडे बघण्याचा हक्क असणारे.) नोकरीत असताना ते वजनमापे निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, खोटी वजनं जप्त करायचे. निवृत्तीनंतर तराजू सुटले, तपासायची सवय सुटली नाही. ती त्यांनी माणसांकडे वळवली.

घरात पाळणा हलला की नामकरण समिती बसे. अध्यक्ष सासरे. सदस्य मोठी आत्या, म्हणजे सासऱ्यांची बहीण. मंडळीतल्या कुणी कधी काय केलं हे तिला तोंडपाठ असल्यामुळे अभिलेख विभाग तिच्याकडे. दुसऱ्या सदस्य सासूबाई. चहा आणि अनुमोदन ही दोन खाती त्या सांभाळत. बाळाचा बाप निमंत्रित. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि घरात वडील व बायको यांच्यात काही निघालं की स्वतःच दोन मजल्यांच्या मध्ये अडकून पडायचा. बाळाची आई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. तिला समितीत स्थान नव्हतं. समितीच्या दृष्टीने ती 'संबंधित पक्ष' होती, आणि संबंधित पक्षाला बैठकीत बसू देणं कुठल्याच नियमात बसत नाही. तरी बाळाला पाजायचं होतं म्हणून बसू दिलं, हा समितीचा मोठेपणा.

नियम दोनच. पहिला: नाव पवित्र शास्त्रातलं हवं, आणि शास्त्रातल्या त्या व्यक्तीच्या हातून काही गैर घडलेलं नसावं. दुसरा: मंडळीत आजवर ते नाव लावणाऱ्या कुणीही त्याला बट्टा लावलेला नसावा. (उदाहरणार्थ, हन्ना हे नाव कायमचं बंद झालं, कारण मंडळीतली शेवटची हन्ना सिनेमाला गेली होती. एकदाच गेली, पण सिनेमा तीन तासांचा होता.)

ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात मुलग्यांच्या बाबतीत पहिल्याच नियमाने मैदान साफ होतं. नोहा प्यायला होता. अब्राहामाने बायकोला बहीण म्हणून सांगितलं, आणि इसहाकाने बापाचं बघून तेच केलं. याकोबाने सख्ख्या भावाला गंडवलं. दावीद गच्चीवर फिरायला गेला आणि नको तिकडे बघत राहिला. शलमोनाच्या बायका मोजण्यातच समितीची हयात गेली असती, म्हणून तो विषय दप्तरी दाखल केला. योना सांगितलेल्या कामावरून पळाला, पेत्र ऐन वेळी 'मी याला ओळखत नाही' म्हणाला, थोमाला पुरावा हवा होता. दानीएल बराचसा स्वच्छ, पण परक्या सरकारच्या नोकरीत. मग उरले कोण? उरले वंशावळीतले. जे अमक्यापासून झाले, ज्यांच्यापासून तमका झाला, आणि जे नंतर वारले. त्यांच्याबद्दल शास्त्रात आणखी अवाक्षर नाही; म्हणजेच आक्षेपार्ह काही नाही. घराण्यातल्या साधारण एक तृतीयांश मुलग्यांना स्वतःचं नाव दुसऱ्या प्रयत्नात उच्चारता येतं. बाकीचे प्रयत्न करत आहेत. बाळाच्या बापालाही असंच एक नाव मिळालं आहे. शाळेत दोन मास्तर त्यापुढे हरले, तेव्हापासून सगळे त्याला नुसतं 'अरे' म्हणतात. नाव मात्र धुतल्या तांदळासारखं आहे.

या वेळी मुलगी झाली होती. बाप्तिस्मा रविवारी, आणि समितीची बैठक आदल्या दुपारी, पुढच्या खोलीत.

बाळाच्या आईच्या मनात एकच नाव होतं: लुदिया. ते तिच्या धाकट्या बहिणीचं नाव. या धाकटीने मंडळीबाहेरच्या, किंबहुना कुठल्याच प्रार्थनेला न जाणाऱ्या माणसाशी लग्न केलं, आणि त्या दिवसापासून माहेरी नि मोठ्या बहिणीच्या सासरी तिचं नाव घेणं बंद झालं. नाव बंद झालं तरी धाकटी यायची थांबली नाही. सातव्या महिन्यात डॉक्टरांनी मोठीला पलंगावरून उठायला मनाई केली होती. घरचे सगळे प्रार्थनासभेला गेले की धाकटी मागच्या दाराने यायची, तिचे केस धुऊन द्यायची, पाय चेपायची आणि लोक परतायच्या आत बादली होती तिथे ठेवून निघून जायची. मुलगी झाली तर हेच नाव, असं मोठीने तेव्हाच ठरवलं होतं. तिला बहीण परत हवी होती. ती मिळत नसेल तर निदान घरात येता-जाता तिचं नाव तरी कानावर पडावं.

समितीने आधी इतर उमेदवार निकालात काढल्या. सारा: देवाचा शब्द ऐकून हसली. रिबका: नवऱ्याला फसवण्यात सामील. राहेल: बापाच्या घरातून मूर्ती चोरल्या. मिर्याम: भावाविरुद्ध बोलली. रूथ: खळ्यावर गेली, तीही अंधार पडल्यावर. दबोरा: पुरुषांना हुकूम सोडले. मार्थाने स्वयंपाकाच्या कामाची कुरकुर केली, आणि तिची बहीण मरीया स्वयंपाकघरात फिरकलीच नाही. (मरीया नावाच्या इतर चांगल्या बायकाही आहेत, असं बाळाच्या बापाने सुचवलं. "आणि ऐन वेळी ही निघाली तर?" असं आत्याने विचारल्यावर त्याने सूचना मागे घेतली.) प्रिस्किल्ला जवळजवळ मंजूर झाली होती. मग आत्याने दाखवून दिलं की शास्त्रात बहुतेक ठिकाणी तिचं नाव नवऱ्याच्या आधी येतं. ईयोबाच्या तीन मुली देखण्या होत्या असं शास्त्रातच लिहिलेलं आहे, तेव्हा बोलणंच खुंटलं. सलाफहादाच्या पाच मुलींनी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. फक्त बापाच्या पश्चात जमिनीत वाटा मागितला होता.

"पाची जणींनी?" सासऱ्यांनी विचारलं.

"पाची जणींनी," आत्या म्हणाली. "आणि मिळवला, दादा."

पाची नावं बाद झाली.

"बाबा," बाळाची आई म्हणाली, "लुदिया ठेवू या ना."

आत्याने कप बशीत ठेवला.

"शास्त्रातल्या लुदियाचं काय चुकलंय?" आई घाईघाईने म्हणाली. "जांभळं कापड विकायची. आपलं घर आपण चालवायची. प्रेषितांना आग्रह करून घरी ठेवून घेतलं तिने. यात कुठे काही वावगं आहे का?"

"शास्त्रात नाही," सासरे म्हणाले. तपासणीत ते प्रामाणिक होते. "नवऱ्याचा उल्लेख नाही, पण तेवढं सोडून देता येईल."

"शास्त्रात नसेल, मंडळीत आहे," आत्या म्हणाली. "नियम दुसरा. कोणामुळे ते मी माझ्या तोंडाने सांगणार नाही. तुझ्या माहेरचंच माणूस आहे."

"ती माझी बहीण आहे, आत्या."

"म्हणून तर म्हणते, तुला वेगळं सांगायला नको."

आईने नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही तरी बोला ना काहीतरी."

"दोन्ही बाजूंचं बरोबर आहे," नवरा म्हणाला आणि पंख्याकडे बघू लागला. पंखा व्यवस्थित चालला होता.

आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते कामकाजातून वगळण्यात आलं.

मग अध्यक्षांनी तो मुद्दा काढला, ज्याने त्या दुपारचं सोनं झालं. "आपण चुकीच्या ठिकाणी शोधतोय," ते म्हणाले. "निर्दोष बायका शास्त्रात पुष्कळ आहेत. नोहाची बायको घ्या. तेवढी जनावरं, तेवढा पाऊस, एवढीशी जागा. एक तक्रार आहे का तिची?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

"पेत्राची सासू घ्या. तापाने फणफणलेली. प्रभूने हात धरला, ताप उतरला, आणि बाई तश्शी उठून पाहुण्यांचं करायला लागली. घटकाभर पडलीसुद्धा नाही. आणि ती इफ्ताहाची मुलगी! बापाने नवस बोलला, हिचा जीव गेला. काय म्हणाली? 'बाबा, तुम्ही शब्द दिलाय ना, मग झालं.'"

"अगदी अशीच हवी," आत्या भारावून म्हणाली. "काय हो नावं त्यांची?"

शास्त्र उघडलं. पानं उलटली, पुन्हा उलटली. नावं नव्हती. तिघींपैकी एकीचंही नव्हतं.

दुसरी एखादी समिती इथे खचली असती. पण वंशावळीतल्या पुरुषांबद्दल काहीच लिहिलेलं नाही म्हणून ते निष्कलंक, हे आधीच मान्य झालं होतं. मग ज्यांनी सगळं केलं आणि नावही लावून घेतलं नाही, त्या बायका त्यांच्याही वर गेल्या पाहिजेत. यातून सुटका नव्हती. ठराव एकमताने झाला. या बालिकेस नाव देऊ नये. तूर्त तिला 'अमक्याची मुलगी', यथावकाश 'अमक्याची बायको', आणि प्रभूची इच्छा असल्यास 'अमक्याची सासू' असं संबोधावं. लाभ: नाव खराब होण्याची भीती कायमची मिटते, आणि लग्नानंतर ते बदलण्याची यातायात वाचते. सासूबाईंनी अनुमोदन दिलं आणि कप गोळा केले.

पाळकसाहेबांना, म्हणजे बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मगुरूंना, फोन करून कळवण्यात आलं. त्यांच्या घराचं छप्पर गळत होतं आणि दुरुस्तीचा अर्ज सासऱ्यांपुढे पडून होता. त्यांनी शास्त्राचा तातडीने अभ्यास केला आणि नाव हवंच असं कुठेही लिहिलेलं नाही, असा निर्वाळा दिला.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. बाळाला घेऊन उभं राहायचा मान आत्याचा, कारण घरातल्या बायकांत ती सगळ्यांत थोरली. पण बाळाने ऐन वेळी तिच्या खांद्यावर प्यायलेलं सगळं दूध काढलं. (बाळाचं हे पहिलंच जाहीर कृत्य. समितीला त्याची दखल घ्यावी लागेल.) आत्या पुसायला धावली आणि बाळ आईच्या हातात आलं.

पाळकसाहेबांना सगळं पढवून ठेवलेलं होतं. पण जन्मभर प्रत्येक बाळापुढे एकच प्रश्न विचारलेला. डोक्याला कळलं तरी जिभेला कळेना. पाण्यात हात बुडवून त्यांनी विचारलं, "या बालकाचं नाव काय?" आणि स्वतःच दचकले.

रिवाज असा, की बाळ ज्याच्या हातात, उत्तर त्याने द्यायचं. पहिल्या बाकावरून सासऱ्यांनी 'नाही' अशी मान हलवली. आईने ती पाहिली. आत्ता बोललं नाही तर जन्मात बोलणं होणार नाही, हे तिला लख्ख कळत होतं.

"लुदिया," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बराच मोठा निघाला.

शेवटच्या बाकावर, दाराला लागून, एक बाई ताडकन उभी राहिली. धाकटीच ती. भाचीचा बाप्तिस्मा गुपचूप बघून जाऊ म्हणून आली होती. या छपराखाली आपल्याला कुणी नावाने हाक मारेल ही आशाच तिने सोडलेली. कानावर पडताच उभी राहिली, आणि सगळं चर्च वळून बघायला लागल्यावर खाली बसायचंच विसरली. मग ती रडायला लागली. तिला बघून इकडे मोठी रडायला लागली. बाळ तर आधीपासूनच रडत होतं. या गोंधळात, हात ओले आहेतच तर, म्हणून पाळकसाहेबांनी लुदियाचा बाप्तिस्मा उरकून टाकला.

एकदा दिलेला बाप्तिस्मा परत घेता येत नाही. हा नियम सासऱ्यांना इतर कुणाहीपेक्षा चांगला ठाऊक होता.

समितीची तातडीची बैठक चर्चच्या मागच्या खोलीत, दुमडलेल्या खुर्च्यांच्या थप्पीशेजारी झाली. घराण्याचं नाक कापलं गेलं, असं आत्याचं म्हणणं पडलं. सासरे मनातल्या मनात जप्तीचे नियम चाळत होते. खोटं वजन जप्त करता येतं; हाडामासाची नात कशी करणार? तेवढ्यात सासूबाई बोलल्या. चहा आणि अनुमोदन सोडून समितीत त्या पहिल्यांदाच काही बोलत होत्या, त्यामुळे आवाज कुणाचा हे समजायला सगळ्यांना थोडा वेळ लागला.

"त्या पाण्याने माणसाचं पाप धुतलं जातं ना?" त्यांनी विचारलं.

"जातंच," सासरे म्हणाले.

"मग नावाचं नाही का जाणार?"

सासऱ्यांनी हा युक्तिवाद उलटसुलट करून पाहिला. वजन बरोबर भरत होतं. ठराव झाला की सदर नाव विधिपूर्वक धुतलं गेल्याने वापरास योग्य झालं असून, ते समितीनेच सखोल विचारांती सुचवलेलं होतं. आत्याने राजीनामा दिला. धाकटीला व्हरांड्यात उभ्याने चहा मिळाला, आणि बाळ पोटाशी धरायला मिळालं. बिस्किटाचा प्रश्न विचाराधीन आहे.

तुम्हाला बरं वाटलं असेल. समितीच्या अकलेला मधूनमधून हसला असाल, नोहाच्या बायकोबद्दल चुकचुकलाही असाल. आता एवढंच बघा: शास्त्रातली माणसं आणि ती सिनेमाला गेलेली हन्ना सोडली तर या हकीकतीत नाव आहे ते दोघींना. एक घराबाहेर काढलेली, दुसरी अजून बोलता न येणारी. जिने अंथरुणाला खिळून हे मूल जगात आणलं, भर चर्चमध्ये सासऱ्यांच्या देखत तोंड उघडलं, तिला तुम्ही सुरुवातीपासून 'बाळाची आई' म्हणून ओळखता. तिचं नाव काय, असं एकदाही तुमच्या मनात आलं नाही. तुमचं काही अडलंच नाही.

आत्याच्या राजीनाम्यामुळे समितीत एक जागा रिकामी आहे. अर्ज करू नये. आपली निवड झालेली आहे.