मेमरी कोण खातंय?

माझं नुसतं नाव घेतलं तरी आमच्या इमारतीतले चोर चळाचळा कापतात. आमच्या इमारतीत चोर नाहीत ही गोष्ट वेगळी; ते कुणामुळे नाहीत, हे मी माझ्या तोंडानं सांगावं असं नाही. पोटासाठी मी विम्याच्या कचेरीत बसतो, पण पिंड गुप्तहेराचा.

त्या दुपारी बायको ओरडली, "अहो, कॉम्प्युटर पुन्हा अडकला! चार वाजता माझी मुलाखत आहे!"

मुलांच्या मागे तिची नोकरी कधीच सुटली होती. आता एका शाळेच्या ग्रंथालयात जागा निघाली होती आणि मुलाखत कॉम्प्युटरवर होती. आठवडाभर ती आरशासमोर उत्तरं घोकत होती.

"कुणी कशाला हात लावू नका," मी म्हणालो. "हे गुन्ह्याचं ठिकाण आहे."

"हे माझं टेबल आहे," ती म्हणाली.

कोण किती मेमरी खातंय, ते मी पडद्यावर आणलं. सगळ्यात वर ब्राउझर. जवळजवळ सगळी मेमरी एकट्यानं गिळून बसलेला.

"सापडला की चोर!" बायको म्हणाली.

मला हसू आलं. नवशिक्यांचं असंच होतं. "अगं, पहिल्याच पानावर सापडतो तो कधीच गुन्हेगार नसतो. या बिचाऱ्याला कुणीतरी अडकवतंय."

मी थेट तळाशी गेलो. तिथे एक प्रोग्रॅम काहीच न खाता गप्प बसला होता. इतका सोज्वळपणा? त्याला उडवलं. आवाज गेला. त्याच्या साथीदाराला उडवलं. कॅमेरा गेला.

बायकोनं कपाळावर हात मारून कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. आवाज आला, कॅमेरा आला, आणि मागचं सगळं जसंच्या तसं घेऊन ब्राउझरही आला.

"म्हणजे हात बाहेरचा आहे," मी म्हणालो आणि वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्याची उलटतपासणी घ्यायला गेलो. तो म्हणाला, "आ करा." परतलो तेव्हा माझ्या दाढेला कीड असल्याचं सिद्ध झालं होतं. केस मात्र जिथल्या तिथे.

बायको डोळे पुसत होती. "राहू द्या. माझ्या नशिबातच नाही ते."

खरं सांगतो, त्या क्षणी मला एकही संशयित सुचेना.

तेवढ्यात सासूबाई आल्या. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यामुळे त्या हल्ली सगळंच निरखून बघतात.

"जावईबापू, पडद्याच्या वर ही बारीक दात्यांची किनार कसली?"

"नक्षी आहे ती."

"मग नक्षीला फुली कशाला?" म्हणत त्यांनी माउसनं एका दात्यावर टिचकी मारली. हरवलेल्या मांजराचा फोटो उघडला.

ब्राउझरचे टॅब होते ते. शेकडो. सगळे माझे. मांजर, जिन्यातला गायब झालेला बल्ब, बेकरीवाल्याचा दिवसेंदिवस हलका होणारा पाव. माझा नियमच आहे: केस सुटल्याशिवाय टॅब बंद करायचा नाही.

"मग यातली सुटली कुठली?" सासूबाईंनी विचारलं.

मी पडद्यावरच्या मांजराकडे बोट दाखवलं.

"मांजर तर त्याच संध्याकाळी आपणहून घरी आलं," बायको म्हणाली.

"पण तोवर ते होतं कुठे?"

बायको घड्याळाकडे बघत होती. जीव तुटत होता, तरी माउस मीच हातात घेतला आणि सगळे टॅब बंद केले. कॉम्प्युटर सुरळीत चालू लागला.

चार वाजता मी दाराला कान लावून उभा होतो. आतून प्रश्न आला, "ग्रंथालयाचा कॉम्प्युटर अडकला तर काय कराल?"

"आधी आमच्या ह्यांना लांब ठेवीन," बायको म्हणाली, "मग आईला फोन करीन."

पलीकडे मोठा हशा पिकला. इतक्या मनापासून हसवणाऱ्या बाईला कुणी परत पाठवत नसतं, असं मी ताडलं आणि सासूबाईंना तिथूनच खूण केली: मिळाली नोकरी!

माझा बरोबर निघालेला हा पहिला निष्कर्ष.